बलाची गणितं: चूक सूत्राच्या आधीच होते

बल आणि गतीच्या धड्यातली गणितं चुकलेल्या वह्या पाहिल्या की एक गोष्ट सारखी दिसते. पहिल्याच ओळीत 'बल = वस्तुमान × त्वरण' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या ओळीत प्रश्नातले आकडे त्यात कोंबलेले असतात. धड्याच्या शेवटची पहिली चार-पाच गणितं या पद्धतीने सुटतातही. मग तिरकी दोरी येते, उतार येतो, नाहीतर एकमेकींना टेकलेल्या दोन पेट्या येतात, आणि सगळं कोसळतं. बेरीज-वजाबाकी बहुतेकांची बरोबरच असते. कुठल्या वस्तूवरचं बल, कोणी लावलेलं आणि कुठल्या दिशेला, हे मात्र ठरवलेलंच नसतं.

खालचा क्रम तेवढ्यासाठी आहे. सुरुवातीला तो लांबलचक वाटेल. पंधरा-वीस गणितं याच क्रमाने केली की निम्म्या पायऱ्या डोक्यातल्या डोक्यात होतात. मात्र तोवर एकही गाळू नका.

तयारी: पेन उचलण्याआधी

अर्धं पान आकृतीसाठी मोकळं सोडा. समासात अंगठ्याएवढी आकृती काढून भागत नाही, बाणांना जागा लागते.

एकके आधीच बदलून घ्या. ग्रॅमचे किलोग्रॅम करायला १००० ने भागा, किलोमीटर प्रति तासाचे मीटर प्रति सेकंद करायला ३.६ ने भागा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. मधल्या टप्प्यावर बदलू म्हणणारे हमखास विसरतात.

वस्तुमान आणि वजन वेगळं लिहा. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये. ५ किलोग्रॅमच्या वस्तूचं वजन पृथ्वीवर सुमारे ४९ न्यूटन असतं. तीच वस्तू चंद्रावर नेली तर वजन ८ न्यूटनच्या आसपास भरेल, पण वस्तुमान ५ किलोग्रॅमच राहील आणि आडवं ढकलून तिला वेग द्यायला तेवढंच बल लागेल. गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं की १०, हे सुरुवातीला ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. इथून पुढे या लेखात मी १० घेतलं आहे.

प्रश्नातले शब्दही उलगडून घ्यायचे असतात. 'गुळगुळीत पृष्ठभाग' म्हणजे घर्षण शून्य. 'हलकी दोरी' म्हणजे दोरीचं वस्तुमान शून्य, म्हणून सरळ ताणलेल्या दोरीत सगळीकडे ताण सारखा. 'विराम अवस्थेतून' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. 'एकसमान वेगाने' हे दोन शब्द तर सोन्यासारखे, कारण त्वरण शून्य असल्याचं ते सांगून टाकतात. पेन्सिलने त्यांच्याखाली रेघ ओढा.

पायरी १: एकच वस्तू निवडा

ज्या वस्तूबद्दल विचारलं आहे तिच्याभोवती तुटक रेषेने कुंपण घाला. कुंपणाच्या आत जे आहे ती 'आपली वस्तू', बाकी सगळं जग बाहेर. आपल्या वस्तूचं त्वरण ठरवताना फक्त बाहेरून आत येणारी बलं मोजायची.

यातली गंमत गाडीच्या ब्रेकमध्ये आहे. १००० किलोग्रॅमची गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे आणि ४ सेकंदांत थांबते. त्वरण उणे ५ मी/से², म्हणून थांबवणारं बल ५००० न्यूटन. हे बल कोणी लावलं? दहातले नऊ जण 'ब्रेकने' म्हणतात. पण कुंपण संपूर्ण गाडीभोवती घातलं तर ब्रेक कुंपणाच्या आत आहे. तो चाकांचं फिरणं रोखतो. गाडीला मागे ढकलतो तो रस्ता, टायरवरच्या घर्षणाने. म्हणून तर निसरड्या रस्त्यावर ब्रेक उत्तम असूनही गाडी घसरत जाते.

पायरी २: बलांची यादी, 'कोण?' या प्रश्नासह

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

कुंपणावरून बोट फिरवा. जिथे दुसरी वस्तू आपल्या वस्तूला टेकते तिथे थांबा: जमीन, दोरी, हात, भिंत, हवा. प्रत्येक ठिकाणी एक स्पर्शबल असू शकतं. खडबडीत जमिनीसारख्या पृष्ठभागाची दोन धरा, एक पृष्ठभागाला काटकोनात (त्याला इथे लंबबल म्हणू) आणि एक पृष्ठभागालगत, म्हणजे घर्षण. स्पर्श न करता लागणारं बल या धड्यात बहुधा एकच, ते म्हणजे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. बोट फिरवून झालं, गुरुत्व लिहिलं, की यादी पूर्ण.

आता प्रत्येक बलापुढे लिहा: कोण कोणाला ओढतंय किंवा ढकलतंय. 'पृथ्वी पेटीला ओढते.' 'जमीन पेटीला वर ढकलते.' 'दोरी पेटीला ओढते.' ज्या बलापुढे 'कोण' लिहिता येत नाही ते बल खोडून टाका.

ही चाळणी लावून वर फेकलेला चेंडू पाहा. हातातून सुटलेला चेंडू वर चालला आहे. त्यावर कोणती बलं आहेत? बहुतेकांच्या आकृतीत वरच्या दिशेने एक बाण असतोच, आणि विचारलं तर उत्तर येतं: 'फेकण्याचं बल.' कोण लावतंय? हात तर केव्हाच मागे राहिला, आता चेंडूला कोणीही टेकलेलं नाही. हवेचा विरोध सोडला तर चेंडूवर एकच बल आहे, पृथ्वीचं, खाली. मग तो वर का जातोय? त्याला वर जाण्याचा वेग मिळालेला आहे म्हणून. वेग टिकवायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. सर्वांत उंच बिंदूवर वेग क्षणभर शून्य होतो, पण त्या क्षणीही त्वरण १० मी/से² खालीच असतं. ते शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

सावधान: 'गतीचं बल' आणि 'जडत्वाचं बल' ही नावं यादीत दिसली की खोडा. जडत्व हा वस्तूचा गुणधर्म आहे. 'वस्तुमान × त्वरण' हासुद्धा वेगळा बाण नाही, ती सगळ्या बाणांची बेरीज आहे. वर्तुळाकार गतीतलं अभिकेंद्री बल, म्हणजे वस्तूला केंद्राकडे वळवणारं बल, हेही तसंच. दोरीला बांधून दगड फिरवला तर ते काम दोरीचा ताण करतो, वळणावरच्या गाडीसाठी रस्त्याचं घर्षण करतं. ताण (किंवा घर्षण) आणि अभिकेंद्री बल वेगवेगळे मोजले की बल दुप्पट झालंच म्हणून समजा.

पायरी ३: बाणांची आकृती

वस्तूच्या जागी एक ठिपका काढा आणि यादीतलं प्रत्येक बल त्यातून निघणारा बाण म्हणून दाखवा. पुस्तकांत याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. टेबल, जमीन, दोरी यांची चित्रं इथे नकोत. वेगाचा बाण दाखवायचाच असेल तर ठिपक्यापासून दूर, वेगळ्या रंगात दाखवा.

दोन बाणांच्या दिशा नेहमी चुकतात.

लंबबल 'वर' नसतं, पृष्ठभागाला काटकोनात असतं. उतारावर ते तिरकं असतं. भिंतीवर दाबून धरलेल्या वहीवर भिंतीचं लंबबल चक्क आडवं असतं, आणि वही खाली पडू देत नाही ते घर्षण.

घर्षण गतीच्या विरुद्ध असतं, हे पाठांतर अर्धंच खरं आहे. दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवर घसरण्याला घर्षण विरोध करतं. चालताना आपण पायाने जमिनीला मागे रेटतो, पाऊल मागे घसरू पाहतं, म्हणून जमिनीचं घर्षण आपल्याला पुढे ढकलतं. शंका आली तर मनातल्या मनात घर्षण काढून टाका आणि विचारा, पृष्ठभाग कुठे घसरला असता? घर्षण त्याच्या उलट.

तपासा: यादीतली बलं मोजा, बाण मोजा. संख्या जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

पायरी ४: अक्ष ठरवा

एक अक्ष त्वरणाच्या दिशेला ठेवा, दुसरा त्याला काटकोनात. सपाट जमिनीवर हे आडवं-उभं होतं. उतारावरून घसरणाऱ्या वस्तूसाठी अक्ष उताराबरोबर तिरके करा, मग बहुधा फक्त वजनाचेच घटक, म्हणजे दोन अक्षांच्या दिशेचे भाग, पाडावे लागतात.

उतारावर वजनाचा साइनचा घटक उतारालगत आणि कोसाइनचा उताराला काटकोनात. हे उलटसुलट होतं. मी स्वतः एका परीक्षेत ते उलटं लिहून आलो होतो आणि बाहेर पडल्यावर जिन्यात लक्षात आलं. तेव्हापासून पाठ करणं सोडलं, आता कोन शून्य करून पाहतो. उतार सपाट झाला तर वस्तूला घसरवणारा घटक शून्य व्हायला हवा, आणि शून्य अंशाचा साइन शून्य असतो. म्हणून उतारालगत साइन.

धन दिशा कोणती ते बाणाने कागदावर दाखवा. 'खाली म्हणजे उणे' हे डोक्यात ठेवलं की तिसऱ्या ओळीत विसरतं.

पायरी ५: वेग बदलतोय का?

सूत्राआधीचा हा शेवटचा प्रश्न. वस्तू हलतेय का, असं विचारू नका. वेग बदलतोय का, असं विचारा, आणि वेगात दिशाही धरा. वेग बदलत नसेल तर सर्व बलांची बेरीज शून्य, हा न्यूटनचा पहिला नियम. बदलत असेल तर बेरीज = वस्तुमान × त्वरण, हा दुसरा.

लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं राहिलात तर हा फरक पायाखाली कळतो. समजा तुमचं वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे आणि लिफ्ट सुटताना व थांबताना तिचं त्वरण १ मी/से² असतं. तुमच्यावर दोनच बलं आहेत: वजन ६०० न्यूटन खाली आणि काट्याचं लंबबल वर. काटा दाखवतो ते हे लंबबल, न्यूटनला दहाने भागून.

लिफ्ट वर जायला सुटते तेव्हा त्वरण वर आहे. लंबबल − ६०० = ६० × १, म्हणून लंबबल ६६० न्यूटन आणि काट्यावर ६६. मग लिफ्ट एकसमान वेगाने वर जाऊ लागते, त्वरण शून्य होतं आणि काटा ६० वर येतो. इथेच बहुतेकांचा विश्वास बसत नाही: लिफ्ट वर चालली आहे तरी बलं अगदी संतुलित! वरचा मजला जवळ आला की लिफ्टचा वेग कमी होतो. गती वर, त्वरण खाली. काट्यावर ५४. म्हणजे वर जात असतानाच काट्याने तीन वेगवेगळे आकडे दाखवले. खाली येताना आधी ५४, मग ६०, आणि थांबताना ६६. आकडा गतीच्या दिशेवरून ठरत नाही, त्वरणाच्या दिशेवरून ठरतो.

जमल्यास हे खरोखर करून पाहा. सुईचा साधा काटा घ्या, कारण बरेच डिजिटल काटे आकडा स्थिर झाल्यावरच दाखवतात आणि तोवर मजला येऊन जातो.

पायरी ६: समीकरणं, आणि त्यांचा क्रम

आधी ज्या दिशेला त्वरण नाही त्या दिशेचं समीकरण मांडा. त्यातून लंबबल मिळतं. लंबबलावरून घर्षण काढा. शेवटी त्वरणाच्या दिशेचं समीकरण. हा क्रम उलटा केला की लोक लंबबलाच्या जागी डोळे मिटून वजन लिहितात.

उदाहरण घ्या. २० किलोग्रॅमची पेटी जमिनीवर आहे. दोरीने ती १०० न्यूटन बलाने ओढली आहे, आणि दोरी आडव्याशी ३७ अंश वर तिरकी आहे. स्थितिक (वस्तू हलण्याआधीच्या) घर्षणाचा गुणांक ०.४, गतिज (घसरू लागल्यावरच्या) घर्षणाचा ०.३; गुणांकाला लंबबलाने गुणलं की घर्षण मिळतं, स्थितिकाच्या बाबतीत त्याची कमाल मर्यादा. पेटी विराम अवस्थेत होती. त्वरण किती?

यादीत चार बलं येतात: पृथ्वीचं २०० न्यूटन खाली, जमिनीचं लंबबल वर, दोरीचा ताण १०० न्यूटन तिरका, जमिनीचं घर्षण मागे. ३७ अंशांचा साइन जवळजवळ ०.६, कोसाइन ०.८. म्हणून ताणाचा आडवा घटक ८० न्यूटन आणि उभा ६० न्यूटन.

उभी दिशा: पेटी उचलली जात नाही, त्वरण शून्य. लंबबल + ६० = २००, म्हणून लंबबल १४० न्यूटन. दोरी पेटीचा थोडा भार स्वतःवर घेते, जमिनीवर तेवढा कमी पडतो.

पेटी हलते का? स्थितिक घर्षण जास्तीत जास्त ०.४ × १४० = ५६ न्यूटन होऊ शकतं. ओढ ८० न्यूटन आहे, म्हणून हलते.

हलल्यावर गतिज घर्षण: ०.३ × १४० = ४२ न्यूटन.

आडवी दिशा: ८० − ४२ = २० × त्वरण, म्हणून त्वरण १.९ मी/से².

लंबबल = वजन धरलं असतं तर घर्षण ६० न्यूटन आणि त्वरण १ मी/से² आलं असतं. उत्तर जवळपास निम्मं, आणि दिसायला मात्र अगदी निर्दोष.

सावधान: 'घर्षण = गुणांक × लंबबल' हे स्थितिक घर्षणाचं कमाल मूल्य आहे. ५०० न्यूटन वजनाचं कपाट सपाट जमिनीवर आहे, स्थितिक गुणांक ०.५, तुम्ही ४० न्यूटनने आडवं ढकललं. कपाट जागचं हललं नाही. घर्षण किती? ४० न्यूटन. २५० ही त्याची मर्यादा आहे. ४० च्या ढकलण्याला २५० न्यूटनचं घर्षण खरंच लागलं असतं तर कपाट उलट तुमच्याच अंगावर चालून आलं असतं.

पायरी ७: वस्तू दोन असतील तर

प्रत्येक वस्तूसाठी वेगळा ठिपका, वेगळी यादी, वेगळं समीकरण. न्यूटनचा तिसरा नियम (एक वस्तू दुसरीला जेवढं बल लावते तेवढंच, उलट दिशेने, दुसरी पहिलीला लावते) इथे लागतो, आणि त्याचं 'क्रिया-प्रतिक्रिया' हे नावच घोटाळा करतं. आधी क्रिया होते आणि मग प्रतिक्रिया, असं काही नसतं. दोन्ही बलं एकाच वेळी असतात.

जोडी ओळखायला वाक्यातली नावं अदलाबदल करा. 'टेबल पुस्तकाला वर ढकलतं' याची जोडी 'पुस्तक टेबलाला खाली ढकलतं'. 'पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते' याची जोडी 'पुस्तक पृथ्वीला वर ओढतं'. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं लंबबल ही जोडी नव्हेच. ती दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत आणि समान आहेत ती पहिल्या नियमामुळे. हेच टेबल वर जाऊ लागलेल्या लिफ्टमध्ये ठेवा, दोन्ही लगेच असमान होतील.

'जोडीतली बलं समान आणि विरुद्ध, मग काही हलतंच कसं?' या प्रश्नाचं उत्तरही आकृतीतच आहे. जोडीतली दोन बलं दोन वेगळ्या ठिपक्यांवर असतात, ती एकमेकांना रद्द करू शकत नाहीत. एका ठिपक्यावर जोडीतली दोन्ही दिसली तर आकृती चुकली आहे.

गुळगुळीत जमिनीवर ४ आणि ६ किलोग्रॅमच्या दोन पेट्या एकमेकींना टेकून आहेत. ४ किलोग्रॅमच्या पेटीला मागून ५० न्यूटनने ढकललं. दुसऱ्या पेटीवर किती बल येतं? '५० न्यूटन, पुढे पोहोचतं' हे ठरलेलं चुकीचं उत्तर. आधी दोन्हींभोवती एकच कुंपण घाला: ५० = १० × त्वरण, म्हणून त्वरण ५ मी/से². आता फक्त ६ किलोग्रॅमच्या पेटीभोवती कुंपण घाला. तिला आडवं ढकलणारी एकच वस्तू आहे, पहिली पेटी. बल = ६ × ५ = ३० न्यूटन. पहिल्या पेटीवरून ताळा पाहा: पुढे ५०, मागे ३०, बाकी २०, आणि ४ × ५ = २०. जुळलं.

कप्पीचंही तसंच. हलकी दोरी, घर्षण नसलेली हलकी कप्पी, एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला २ किलोग्रॅम. ३ साठी: ३० − ताण = ३ × त्वरण. २ साठी: ताण − २० = २ × त्वरण. बेरीज केली की त्वरण २ मी/से² आणि ताण २४ न्यूटन. ताण २० आणि ३० च्या मधेच यायला हवा. तो ३० आला तर जड वजन खाली जाण्याऐवजी एकसमान वेगात किंवा जागेवरच राहील.

दोरीबद्दल आणखी एक: दोन्ही टोकांना ५०-५० न्यूटनने ओढलेल्या दोरीतला ताण ५० न्यूटन असतो. १०० नाही, शून्यही नाही. एक टोक खुंटीला बांधून दुसरं ५० ने ओढलं तर खुंटीही ५० नेच ओढते, चित्र तेच.

पायरी ८: उत्तराला प्रश्न विचारा

एकक पाहा. बल न्यूटनमध्येच यायला हवं, आणि १ न्यूटन म्हणजे १ किलोग्रॅमला १ मी/से² त्वरण देणारं बल.

टोकाची स्थिती घालून पाहा. घर्षण शून्य केलं तर उत्तर ओळखीचं येतं का? कप्पीवरची दोन्ही वजनं सारखी केली तर त्वरण शून्य होतं का?

लंबबल उणं आलं तर घाबरू नका, जमीन वस्तूला खाली ओढू शकत नाही, म्हणजे वस्तू जमिनीवरून उचलली गेली आहे. वरची पेटी याच दोरीने ४०० न्यूटनने ओढली तर उभा घटक २४० न्यूटन होतो, वजनापेक्षा जास्त. मग लंबबल आणि घर्षण दोन्ही यादीतून जातात आणि गणित पायरी २ पासून पुन्हा करावं लागतं.

त्वरण उणं आलं तर त्याचे दोन अर्थ होतात. घर्षण नसेल तर तुम्ही मानलेली दिशा उलटी आहे, आकडा तोच राहतो, फक्त दिशा फिरवा. घर्षण असेल तर मात्र नुसतं चिन्ह बदलू नका. वस्तू आधीपासून तुम्ही मानलेल्या दिशेने सरकत असेल तर उणं त्वरण म्हणजे ती मंदावते आहे आणि उत्तर बरोबर आहे. ती विराम अवस्थेत असेल तर बहुधा ती सुटलेलीच नाही, स्थितिक घर्षणाची मर्यादा पुन्हा तपासा.